नवरात्राच्या बातमीचा खुलासा

“अहो, ही तर तीच ना, तुमच्या पेपरात आली होती ती?” रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता डॉक्टर गुल्हाने म्हणाले. “नऊ दिवस नुसत्या पाण्यावर! आमच्या मिसेसनं कात्रण काढून ठेवलंय. सुनेला दाखवायला.”

पूर्वा खाली बघून हसली. मीही हसलो. माझी बायको सुनंदा हसली नाही.

“डॉक्टरसाहेब, ही जेवत नाही हो,” ती म्हणाली.

“वहिनी, बारावी सायन्सचं वर्ष आहे. पोरींचं असंच असतं. रिपोर्ट सगळे नीट आहेत, रक्त तेवढं कमी आहे. लोहाच्या गोळ्या देतो, भुकेचं सिरप देतो. तुपाचा हात जरा सैल सोडा.”

“तूप ताटातच राहतं.”

“मग ताटासमोर बसून राहा. पोटात गेल्याशिवाय उठू नका.” डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. “आणि इंगोले, मुलगी भाग्यवान आहे तुमची. देवीची कृपा.”

हे डिसेंबर २००६ मधलं. मी तेव्हा एका दैनिकाचा वाशीमचा जिल्हा प्रतिनिधी होतो. मुख्य कचेरी अकोल्याला. रोज संध्याकाळी सहापर्यंत बातम्या फॅक्सने पाठवायच्या. एकोणीस वर्षांत ती वेळ मी दोनदाच चुकवली होती, एकदा वडील गेले तेव्हा आणि एकदा फॅक्सवर वीज पडली तेव्हा. माझ्या बातमीत आकडा चुकत नाही अशी माझी ख्याती होती. तिचं निम्मं श्रेय पूर्वाचं. सातवीत असल्यापासून ती माझा मजकूर पाठवण्याआधी वाचायची. “बाबा, वर जखमी अकरा आहेत, खाली नावं दहाच आहेत,” असं म्हणून कागद परत द्यायची आणि पुन्हा अभ्यासाला बसायची. तिची नजर फार बारीक होती.

नवरात्राची ती बातमीही माझीच. आमच्या भागातलं देवीचं मंडळ दरवर्षी निरंकार, म्हणजे नुसत्या पाण्यावर, उपवास करणाऱ्यांचा सत्कार करतं. शाल, नारळ, टाळ्या. मंडळाकडून नावांची यादी येते, आम्ही ती छापतो. त्या वर्षी यादीत सगळ्यात लहान वय होतं सतरा, आणि नाव होतं पूर्वा श्रीधर इंगोले. मी त्या नावाची वेगळी चौकट केली. बाप म्हणून नाही, बातमी म्हणून केली, असं मी स्वतःला सांगितलं. फोटोत तिच्या खांद्यावर मोरपंखी शाल होती आणि ती इतकी प्रसन्न दिसत होती की फोटो दोन कॉलम घ्या, असं मी फॅक्सच्या वर हाताने लिहिलं.

नवरात्र संपलं. उपवास संपला नाही. आधी सोमवार आला, मग गुरुवार, मग चतुर्थी. उपवास नसलेल्या दिवशी पूर्वा मैत्रिणीकडे खाऊन यायची. निदान तसं म्हणायची. शेजारच्या बायका सुनंदाला म्हणायच्या, “पोर किती देवभोळी आहे तुमची, आमच्या कार्ट्या चार वेळा हादडतात.” सुनंदा घरी शिवणकाम करायची. तिच्या गळ्यात दिवसभर टेप असायची. पूर्वाचा पिवळा कुर्ता तिने ऑक्टोबरात आत घेतला, दिवाळीनंतर पुन्हा घेतला, जानेवारीत तिसऱ्यांदा मशीनवर ठेवला आणि मशीन न चालवता तशीच बसून राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “कापड खोटं बोलत नाही.”

मी त्या वेळी एका पाणीटंचाईच्या बैठकीला निघालो होतो. “परीक्षा झाली की बघू,” म्हणालो.

परीक्षेपर्यंत गोष्ट गेलीच नाही. फेब्रुवारीत रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला पूर्वा हातातल्या नळीसकट खाली कोसळली. दवाखान्यात सलाइन लागलं. तिथली एक तरुण डॉक्टरीण मला व्हरांड्यात घेऊन गेली. म्हणाली, “काका, हिला गुरुवारी तापडिया सरांना दाखवा. मनाचे डॉक्टर आहेत. आणि हे उपवासाचं नाही. मला खात्री आहे.”

अकोल्याचे डॉ. तापडिया दर गुरुवारी वाशीमला यायचे आणि एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसायचे. पाटी नव्हती. येणारे ओढणी किंवा उपरणं तोंडावर घेऊन मागच्या बोळातून यायचे. मला गावात सगळे ओळखत होते. सुनंदा आणि पूर्वाला घेऊन मीही बोळातून गेलो, आणि गल्लीच्या तोंडाशी कुणी नाही ना हे दोनदा वळून पाहिलं. पूर्वाने ते पाहिलं.

डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी तासभर बोलून मग आम्हाला आत घेतलं.

“इंगोले, तुम्ही बातमीदार आहात, तर सरळ सांगतो. या आजाराला नाव आहे, अ‍ॅनोरेक्सिया. ही नाटक करत नाही, हट्ट करत नाही. हिला जेवणाची भीती वाटते. खरी भीती. आपल्याला विहिरीच्या काठावर वाटते तशी.”

“पण खाल्लं की बरी होईल ना?” सुनंदाने विचारलं.

“खाणं हेच औषध आहे ताई. ते घेता येत नाही, हाच आजार आहे.” त्यांनी चष्मा काढला. “शिकत असताना मी असे दोन पेशंट पाहिले. एकट्याने बरं करण्याचं काम नाही हे. आहार बघणारा माणूस पाहिजे, रोज बोलणारा माणूस पाहिजे, नाडीवर लक्ष ठेवणारा फिजिशियन पाहिजे. माझ्याकडे इथे एक टेबल आहे आणि मागे खोकी आहेत. हिची नाडी फार हळू चालते आहे. उशीर केलात तर हृदयावर बेतेल.”

“कुठे न्यायचं?”

“ते मी शोधतो. तुम्हीही शोधा.”

शोधणं मला येत होतं. चार दिवस मी कचेरीतल्या फोनवरून तेच केलं. अमरावती, नागपूर, औरंगाबाद. एका ठिकाणी सांगितलं, आमच्याकडे असा पेशंट आलाच नाही. एका ठिकाणी म्हणाले, “लग्न लावून द्या, आपोआप जेवेल.” नागपूरच्या एका बाईंनी मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पुण्यातल्या एका दवाखान्याचा नंबर दिला. तिथे या आजारासाठी सहा खाटा होत्या. डॉ. तापडियांनीही तेच नाव काढलं. पुण्याहून उत्तर आलं: आठ आठवडे ठेवावं लागेल, आई किंवा वडील सोबत पाहिजेत, खाट पंचवीस मार्चपर्यंत धरून ठेवतो, त्यानंतर दुसऱ्याला देऊ.

खर्च माझ्या दीड वर्षाच्या पगाराएवढा होता. विम्याच्या कागदात मनाचे आजार बसत नव्हते, ते कलम मी तीनदा वाचलं. स्कूटर विकली. सुनंदाने पाटल्या काढून दिल्या. विकायला नेताना त्या तिने फडक्याने पुसून दिल्या होत्या. तरी निम्म्याच्या पुढे गाडी जाईना.

एका कचेरीत गरजू रुग्णांना मदत मिळायची. तिथला कारकून शिरभाते माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याने अर्ज काढला, मागच्या छापील यादीवरून पेन फिरवलं. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, भाजलेले. पेन खालपर्यंत आलं आणि थांबलं.

“साहेब, यात नाई बसत.”

“दुसऱ्या कशात?”

“‘रक्तक्षय’ लिवू का? जरा फुगवून.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “राग नका मानू. पन घरात अन्न हाय आन् पोरगी खात नाई, याले पैसे कोन देईन? फाइल वर गेली तं हसतीन लोक.”

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. शिरभाते वाईट माणूस नव्हता. महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

अकोल्याला आमचे संपादक मोहोड साहेब. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी रक्कम विचारली. मग म्हणाले, “अरे, तुझाच कॉलम आहे की. लिही आवाहन. पान तीनवर घेतो.”

रुग्णांसाठी मदतीचं आवाहन हा कॉलम मी बारा वर्षं चालवत होतो. कुणाचं बाळ, कुणाचा नवरा. त्याचा एक नियम मीच घातलेला होता आणि तो मी टाइप करून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता: रुग्णाचं नाव, आजाराचं नाव, दवाखान्याचं नाव आणि रक्कम, चारही पाहिजेत. ‘दुर्धर आजार’ हा शब्द चालणार नाही. त्या शब्दामागे लबाड माणसं लपतात. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका म्हाताऱ्याला मी या नियमावरून परत पाठवलं होतं. त्याच्या मुलाला एड्स होता आणि ते त्याला छापायचं नव्हतं.

आणि पूर्वाने डॉ. तापडियांच्या खोलीतून बाहेर पडल्या पडल्या माझा हात धरून सांगितलं होतं, “बाबा, कुणालाच सांगू नका. प्लीज.”

अठरा मार्चच्या दुपारी मी घरी टेबलाशी बसून आवाहन लिहायला घेतलं. सुनंदा आतल्या खोलीत कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज शिवत होती. इतरांची आवाहनं मी वीस मिनिटांत लिहायचो. हे पाच कागद फाडून सहाव्यावर आलं. ‘वाशीम येथील एक गुणी विद्यार्थिनी दुर्धर आजाराने ग्रस्त असून’ इथवर आलं आणि खुर्चीमागे कुणी उभं आहे हे कळलं.

“द्या,” पूर्वा म्हणाली.

“तू झोप.”

“द्या ना. सहाच्या आत पाठवायचंय ना तुम्हाला?”

मी कागद दिला. अंगावर स्वेटर घालून ती समोरच्या खुर्चीवर बसली. मार्चमध्ये, वाशीममध्ये, स्वेटर. तिने कागद नेहमीसारखा वरून खाली वाचला, मग पेन मागितलं.

“‘एक विद्यार्थिनी’ म्हणजे कोण?”

“तूच म्हणालीस, सांगू नका.”

“आणि हा शब्द?” तिने ‘दुर्धर’वर पेन टेकवलं. “हे दुसऱ्या कुणाचं असतं तर तुम्ही छापलं असतं?”

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“मालेगावचे ते आजोबा आठवतात?” ती म्हणाली. “इथंच बसले होते. मी पाणी दिलं होतं त्यांना.”

“पूर्वा, हा पेपर आहे. गावातली सगळी माणसं वाचतील. कॉलेजातली मुलं, त्यांचे आईबाप. नंतर परत घेता येत नाही.”

“माहितीये. एकदा आलंय की माझं नाव.”

ती उठून आत गेली. पुस्तकाच्या कपाटातून तिने तिची भौतिकशास्त्राची वही आणली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत ते कात्रण चिकटवलेलं होतं. मोरपंखी शाल, दोन कॉलम. कडा वरचेवर हात लागून मऊ झाल्या होत्या.

“या बातमीत चूक आहे, बाबा.”

मी वाचलं. नाव बरोबर, वय बरोबर, तारीख बरोबर, मंडळाचं नाव बरोबर. “कुठे आहे?”

“तुम्ही सांगता ना नव्या पोरांना, बातमीला पाच प्रश्न विचारायचे. कोण, काय, कुठे, कधी.” ती एकेक बोट दुमडत गेली आणि पाचव्यावर थांबली. “यात ‘का’ नाही. तुम्ही सगळ्यांना विचारता. अपघात झाला की ड्रायव्हरला विचारता, चोर सापडला की चोरालासुद्धा विचारता. मी तर तुमच्याच घरात होते. तुम्ही यादी आली आणि छापून टाकलं.”

आतलं शिलाई मशीन थांबलं होतं.

“मी वाट बघत होते,” ती म्हणाली. “विचाराल म्हणून. फोटो आला त्या दिवशी पण.”

माझं सगळं आयुष्य प्रश्न विचारण्यात गेलं. त्या क्षणी मला एक सुचेना. मग मी जे मला येत होतं तेच केलं. खिशातली वही काढली, कोरं पान उघडलं, वर तारीख घातली आणि टेबलाच्या या बाजूला नीट बसलो.

“का, पूर्वा?”

ती बोलली. पाऊण तास. मध्ये दोनदा थांबली, मीही थांबून राहिलो. मुलाखतीत समोरचा गप्प झाला की आपण तोंड उघडायचं नाही, हे मी कित्येकांना शिकवलं होतं, ते त्या दिवशी मला उपयोगी पडलं. सुनंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात अर्धा ब्लाउज. पूर्वा काय बोलली ते मी तेव्हा छापलं नाही, आताही लिहिणार नाही. वही माझ्याकडे आहे. त्यात माझं अक्षर मला लागत नाही इतकं वेडंवाकडं आहे.

बोलून झाल्यावर तिने सातवा कागद घेतला. मी सांगायला लागलो, ती म्हणाली, “थांबा, मी लिहिते, तुम्ही तपासा.” वर मी ‘मदतीचे आवाहन’ असं शीर्षक लिहून ठेवलं होतं. ते तिने खोडलं आणि ‘खुलासा’ असं लिहिलं.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी फॅक्स केला. सहा वाजून दहा मिनिटांनी मोहोड साहेबांचा फोन आला.

“इंगोले, हे असंच छापायचं?”

“हो.”

“मंडळवाले पेटतील. दिवाळीला अर्ध्या पानाची जाहिरात असते त्यांची.”

“साहेब, नियम माझाच आहे.”

“मुलीला विचारलंस?”

“या वेळी विचारलं.”

दुसऱ्या दिवशी पान तीनवर, खाली उजवीकडे ते आलं. जसंच्या तसं:

‘गेल्या ऑक्टोबरमध्ये या दैनिकात पूर्वा इंगोले (वय १७) हिने नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर उपवास केल्याची बातमी आली होती. ती तिच्या वडिलांनी लिहिली होती. लिहिण्यापूर्वी त्यांनी तिला काही विचारले नव्हते. तो उपवास भक्तीचा नव्हता, तो आजार होता. आजाराचे नाव अ‍ॅनोरेक्सिया. यात माणसाला जेवणाची भीती वाटते. हा बरा होतो, पण आपल्या जिल्ह्यात त्यावर उपचार नाहीत. पुण्यात आहेत.’ पुढे दवाखान्याचं नाव, रक्कम, खाते क्रमांक. चारही गोष्टी होत्या.

सकाळी साडेनऊला फाटक वाजलं.

“इंगोले! भाइर या!”

मंडळाच्या महिला समितीच्या कमलबाई गावंडे. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची पिठाची गिरणी होती. कोपरापर्यंत पीठ, एका हातात पेपर. सत्काराच्या याद्या त्यांच्याच अक्षरात यायच्या.

“ह्ये काय लिवलं हो तुमी? देवीच्या उपासाले बिमारी म्हंता? साऱ्या गावात आमची इज्जत घालवली! सकाळपासून गिरणीवर बाया मलेच इचारू राह्यल्या!”

मी काही बोलणार तेवढ्यात मागून पूर्वा आली. “काकू, बाबांनी नाही लिहिलं. मी लिहिलं.”

कमलबाईंनी तिला ऑक्टोबरानंतर जवळून पाहिलंच नव्हतं. त्यांचा पेपर धरलेला हात खाली आला. पूर्वाने त्या दिवशी स्वेटर घातला नव्हता.

“बाप्पा,” त्या हळू म्हणाल्या. “कावून वं पोरी? अशी कशी झाली तू?”

“तेव्हाही जवळपास अशीच होते काकू. अंगावर शाल होती.”

कमलबाई ओट्यावर बसल्या. पेपर मांडीवर पडला, त्यावर पिठाची बोटं उमटली. “म्याच पांघरली होती,” त्या म्हणाल्या. मग, “माह्यानं काई चुकलं का वं?”

पूर्वा त्यांच्या शेजारी बसली. “तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. मला इतकं छान वाटलं काकू. मला वाटलं, दहावा दिवस यायलाच नको. दहाव्या दिवशी जेवावं लागतं.”

सुनंदाने चहा आणला. कमलबाईंनी कप घेतला, बशीत ओतला आणि प्यायला विसरून गेल्या. जाताना फाटकाशी थांबून त्यांनी मला ऐकवलं, “तुमी तं बाप होते नं? आमी बाया अडाणी. तुमी तं रोज लिवता-वाचता.” मी मान हलवली.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या, गव्हाच्या पिठाची एक पिशवी घेऊन. पिशवीत पीठ नव्हतं. “यंदाचे सत्काराचे पैसे हाये,” त्या म्हणाल्या. “शाली, नारळ, मांडव, समदे. आन् थोडे गिरणीचे. समितीची मीटिंग घेतली म्या. दोघीजनी नाई म्हनल्या, त्याईले म्हनलं, तुमी दळण दुसरीकडं टाका.” मग पूर्वाकडे वळून, “यंदा सत्कार नाई. ज्या पोरी उपास करतीन, त्याईले म्या इचारीन, कावून करतं म्हून.”

इतरही पैसे आले, बहुतेक लहान रकमा, मनीऑर्डरने. सोबत पत्रंही. एका गृहस्थांनी पोस्टकार्डावर लिहिलं होतं: आमच्याकडे पोरं अन्नावाचून मरतात आणि तुमची कन्या ताटासमोर बसून मरते, तिला आठ दिवस आमच्या रानात कामाला पाठवा. पूर्वाने ते दोनदा वाचलं. “हे पण बरोबरच आहे ना, बाबा?” मी म्हणालो, “अर्धं.” ते पोस्टकार्ड मी फाडलं नाही. आणि एक आंतरदेशीय पत्र होतं, रिसोडच्या शिक्क्याचं, खाली सही नसलेलं. दोनच ओळी: ‘आजाराचं नाव पुन्हा एकदा मोठ्या अक्षरात छापाल का? कात्रण भिजलं आणि मुलीच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे.’ मी ते मोहोड साहेबांना पाठवलं. त्यांनी छापलं, मोठ्या अक्षरात.

पैसे कसेबसे जुळले आणि चोवीस मार्चला आम्ही पुण्याला पोहोचलो. सोबत मी राहिलो. सुनंदाकडे लग्नसराईची कामं होती आणि त्या पैशांचीही गरज होती. शिवाय ती म्हणाली, “तुम्हीच राहा. तुमच्याकडेच बाकी आहे तिचं.”

तिथे देवयानीबाई म्हणून आहारतज्ज्ञ होत्या. जेवताना पालकाने समोर बसायचं, ही त्यांची पद्धत. मला गुल्हाने डॉक्टरांची आठवण झाली. तेही समोर बसा म्हणाले होते.

“बसायचं, पण पहारेकऱ्यासारखं नाही,” देवयानीबाई म्हणाल्या. “ताटाकडे बघायचं नाही. ‘एक घास अजून’ म्हणायचं नाही. ‘शाब्बास’ तर अजिबात नाही. आणि ‘जेवलीस का’ हा प्रश्न तुमच्या घरातून बाद.”

“मग विचारायचं काय?”

“दुसरं काहीही.”

आपल्याकडे दुसरं काही असतं का, हे मला तोवर कधी तपासावं लागलं नव्हतं. फोनवर आई, मावशी, शेजारी, सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. पहिल्या दिवशी आम्ही दोघं अर्धा तास समोरासमोर गप्प बसलो. वरण गार झालं, तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. दुसरा दिवसही तसाच.

तिसऱ्या दिवशी सुनंदाने पाठवलेलं पार्सल आलं. त्यात आमच्या पेपरचे दोन दिवस जुने अंक होते. दुपारी ताट आलं. मला बोलायला काही नव्हतं म्हणून मी अंक उघडला आणि मोठ्याने वाचायला लागलो. मंगरूळपीरची बाजार समिती, कारंज्याचा अपघात. माझ्या जागी आलेल्या मुलाने लिहिलेलं होतं सगळं.

“थांबा,” पूर्वा म्हणाली. “वय काय म्हणालात?”

“बेचाळीस.”

“वरती सत्तेचाळीस होतं.”

मी बघितलं. होतं. “बरोबर. चूक आहे.”

“अजून वाचा.”

मी वाचत गेलो. पोळी तोडल्याचा फार बारीक आवाज असतो. तो मी ऐकला. कागद मी तोंडासमोर धरून ठेवला होता, कारण माझ्या चेहऱ्यावर ‘शाब्बास’ लिहिलेलं तिने वाचलं असतं. पान चार संपेपर्यंत तिने तीन चुका काढल्या. त्या बातमीदाराला मी पुढे फोन करून झापलं नाही. देव त्याचं भलं करो, त्या आठ आठवड्यांत त्याने भरपूर चुका केल्या.

पाचव्या आठवड्यात सुनंदा भेटायला आली, तेव्हा तिने पिवळा कुर्ता आणला होता. खाटेच्या कडेला बसून तिने ब्लेडने दोन्ही वेळच्या शिवणी उसवल्या. आत घेताना तिने एकदाही कापड कापलं नव्हतं. आत कापडाची भरपूर माया सोडलेली होती.

हे सगळं एखाद्या बातमीसारखं तिथे संपलं नाही. पूर्वाला आणखी दोनदा पुण्याला न्यावं लागलं, एकदा पहिल्या वर्षाला असताना आणि एकदा नोकरी लागल्यावर. बारावी तिने एक वर्ष उशिरा दिली. आता ती नागपुरात एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मी निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. आमच्या घरात तो प्रश्न अजून बाद आहे. पाहुणे विचारतात तेव्हा आम्ही दोघं एकदम दुसरंच काहीतरी बोलायला लागतो आणि पाहुण्यांना आम्ही विचित्र वाटतो.

गेल्या रविवारी दुपारी सव्वा वाजता फोन वाजला. सुनंदा मशीनवर होती. तिने पाय थांबवला.

“बाबा, अंक उघडा. पान पाच.”

“उघडला. किती?”

“दोन सापडल्या. फोटोत माणसं सात आहेत, खाली नावं सहाच. तिसरी बाई कोण ते कुणी विचारलंच नाही.”

“दुसरी?”

“दुसरी मोठी आहे. पान सहावर, तो धरणाचा आकडा आहे ना,” पूर्वा म्हणाली, आणि मागे भांड्याचं झाकण वाजलं. “थांबा बाबा, भात घेते जरा. मग सांगते.”

मी फोन कानाशी धरून थांबलो.